घरातली शाळा आणि बाहेरची नजर: सारा शरीफच्या मृत्यूने विचारलेला प्रश्न

10 ऑगस्ट 2023 च्या पहाटे इंग्लंडमधल्या वोकिंग शहरात पोलीस एका घरात शिरले. घरात कोणी नव्हतं. एका पलंगावर दहा वर्षांच्या सारा शरीफचा मृतदेह होता. पोलिसांना फोन तिच्या वडिलांनीच केला होता, पण तो पाकिस्तानातून. आदल्याच दिवशी घरातली सगळी मंडळी विमानाने इस्लामाबादला निघून गेली होती.

डिसेंबर 2024 मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात साराचे वडील उरफान शरीफ आणि तिची सावत्र आई खुनाबद्दल दोषी ठरले. जन्मठेपेतली किमान 40 वर्षं वडिलांना आणि किमान 33 वर्षं सावत्र आईला तुरुंगात काढावी लागणार आहेत. त्याच घरात राहणाऱ्या काकालाही 16 वर्षांची शिक्षा झाली. वर्षानुवर्षं त्या मुलीला मारहाण होत होती.

या खटल्यातल्या एका गोष्टीने ब्रिटनमध्ये मोठी चर्चा सुरू केली. मृत्यूच्या चार महिने आधी, एप्रिल 2023 मध्ये, वडिलांनी साराचं नाव शाळेतून काढलं होतं. कारण सांगितलं होतं की, आता तिला घरीच शिकवणार. शाळेने आक्षेप घेतला असता तरी उपयोग नव्हता, कारण कायद्याने तो वडिलांचा अधिकार होता.

ज्या दिवशी न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली, त्याच दिवशी, 17 डिसेंबर 2024 रोजी, ब्रिटिश सरकारने संसदेत बालकल्याण आणि शाळा विधेयक मांडलं. घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद आणि काही मुलांच्या बाबतीत शाळा सोडण्याआधी परवानगी, हा त्याचा एक मोठा भाग आहे. रत्नागिरी-रायगडच्या अनेक कोकणी मुस्लिम घरांतली माणसं ब्रिटनमध्ये राहतात. त्यामुळे हा कायदा आपल्यातल्या कित्येकांच्या भाच्या-पुतण्यांना थेट लागू होणारा आहे. आणि प्रश्न तर सगळ्याच आई-वडिलांचा आहे. मूल आपलं असलं, तरी त्याच्यावर नजर ठेवण्याचा हक्क सरकारला किती असावा?

कायदा काय सांगत होता?

इंग्लंडमध्ये शिक्षण सक्तीचं आहे, शाळा सक्तीची नाही. 1996 च्या शिक्षण कायद्याचं कलम 7 सांगतं की मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला आणि गरजांना साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळवून देणं ही आई-वडिलांची जबाबदारी आहे. ती शाळेत पाठवून पार पाडा किंवा अन्य मार्गाने. त्या 'अन्य मार्गाने' या दोन शब्दांवर तिथलं सगळं घरगुती शिक्षण उभं आहे.

पालकांनी शाळेला लेखी कळवलं की शाळा नाव काढते आणि स्थानिक कौन्सिलला सांगते. पण मूल कधी शाळेत गेलंच नसेल, तर कोणालाही कळवण्याची सक्ती नव्हती. कौन्सिलचा अधिकारी चौकशीचं पत्र पाठवू शकतो, पण घरात येण्याचा किंवा मुलाला भेटण्याचा त्याला हक्क नाही. शिक्षण मिळत नाही असं दिसलं तरच तो मुलाला शाळेत घालण्याचा आदेश काढू शकतो.

शिक्षण खात्याच्या अंदाजानुसार 2023 च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये सुमारे 92 हजार मुलं घरी शिकत होती. वर्षभराने हा आकडा 1 लाख 11 हजार 700 वर गेला. हा अंदाज कौन्सिलांना ठाऊक असलेल्या मुलांवरून काढलेला आहे.

ही मुलं घरी का शिकतात? कारणं अनेक आहेत. मुलाचं मानसिक आरोग्य, शाळेतली दादागिरी, विशेष गरजा असलेल्या मुलाकडे शाळेचं दुर्लक्ष, पालकांचे विचार. मुस्लिम घरांत आणखी दोन-तीन कारणं ऐकू येतात. मुलाला हिफ्ज करायचं असतं. मुलीला हिजाबवरून चिडवलं जातं. सप्टेंबर 2020 पासून इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचं शिक्षण सक्तीचं झालं आणि त्या तासातून मुलाला बाहेर काढण्याची सोय नाही, हेही अनेकांना पटलेलं नाही. यातलं कोणतंही कारण गुन्हा नाही. घरी शिकवणाऱ्या बहुतेक अम्मी-अब्बांनी त्यासाठी नोकरी, पैसा आणि आराम सोडलेला असतो. परीक्षेची फीसुद्धा त्यांना खिशातून भरावी लागते.

साराच्या बाबतीत नेमकं काय चुकलं?

नोव्हेंबर 2025 मध्ये साराच्या प्रकरणाचा स्वतंत्र आढावा अहवाल आला. तो वाचला की दोष एकट्या घरगुती शिक्षणावर टाकता येत नाही.

सारा जन्माला आली तेव्हापासूनच ती यंत्रणेला ठाऊक होती. 2013 साली जन्मतःच तिचं नाव संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या यादीत होतं. वडिलांवर मारहाणीचे आरोप आधीच झाले होते. तरीही 2019 मध्ये कौटुंबिक न्यायालयाने तिचा ताबा वडिलांकडे दिला. मार्च 2023 मध्ये शाळेला तिच्या चेहऱ्यावर व्रण दिसले. शाळेने समाजसेवा विभागाला कळवलं, पण काही दिवसांतच ती फाईल बंद झाली. मग एप्रिलमध्ये वडिलांनी नाव काढलं.

ऑगस्टमध्ये कौन्सिलचे कर्मचारी घरगुती शिक्षणाबाबत भेट द्यायला निघाले. ते जुन्या पत्त्यावर गेले. चूक लक्षात आल्यावर भेट पुढे ढकलली गेली. हे 7 ऑगस्टचं. साराने 8 ऑगस्टला प्राण सोडले.

आणखी एक गोष्ट आपल्याला जास्त टोचायला हवी. जानेवारी 2023 पासून सारा हिजाब घालून शाळेत येऊ लागली. घरात दुसरं कोणीही हिजाब घालत नव्हतं. जखमा झाकण्यासाठी तो घालायला लावला होता, असं न्यायालयात सांगण्यात आलं. शेजाऱ्यांनी आवाज ऐकले होते, पण तक्रार केली तर आपल्याला वंशवादी म्हणतील या भीतीने ते गप्प राहिले, असं अहवाल नोंदवतो.

म्हणजे आपल्या दीनची खूण एका जुलमी माणसाने पडदा म्हणून वापरली. आणि समाजाला दुखवायला नको, या विचाराने आजूबाजूच्यांनी एका मुस्लिम मुलीला वाऱ्यावर सोडलं. या भिडेचा फायदा साराला झाला नाही. फायदा मारणाऱ्याला झाला.

ही पहिलीच घटना नव्हे. मे 2008 मध्ये बर्मिंगहॅममध्ये सात वर्षांच्या खायरा इशाकचा उपासमारीने मृत्यू झाला. तिलाही डिसेंबर 2007 मध्ये शाळेतून काढून घरी शिकवणार असं आईने सांगितलं होतं. शाळेने धोक्याची सूचना दिली होती. हा मृत्यू टाळता आला असता, असं तेव्हाच्या अहवालाने म्हटलं. 2009 मध्ये सरकारने नेमलेल्या ग्रॅहम बॅडमन यांनी नोंदणीची शिफारस केली. तिच्यावर आधारलेली तरतूद 2010 च्या निवडणुकीआधी मागे पडली. 2022 मध्ये पुन्हा शाळा विधेयक आलं, तेही मागे घेतलं गेलं. दर वेळी पालकांच्या संघटनांनी विरोध केला, दर वेळी सरकारला घाई नव्हती.

नव्या विधेयकात काय आहे?

मुख्य तरतुदी चार आहेत. पहिली, प्रत्येक कौन्सिलने शाळेत नसलेल्या मुलांची नोंदवही ठेवायची. त्यात मुलाचं नाव, पत्ता, पालक आणि त्याला कोण, कुठे शिकवतं याची माहिती असेल. दुसरी, ज्या मुलाच्या सुरक्षेची चौकशी चालू आहे किंवा जे संरक्षण यादीत आहे, त्याला कौन्सिलच्या परवानगीशिवाय शाळेतून काढता येणार नाही. तिसरी, शिक्षणाबद्दल शंका असेल तर कौन्सिल घरची परिस्थिती लक्षात घेऊ शकेल, मुलाला घरी भेटण्याची विनंती करू शकेल आणि नकार मिळाला तर निर्णय घेताना तो विचारात घेईल. चौथी, पालकांनी मागितला तर कौन्सिलला सल्ला द्यावा लागेल.

पण मूळ मसुद्यातली परवानगीची अट साराला लागू झाली नसती. एप्रिल 2023 मध्ये तिची चौकशी बंद झालेली होती. यादीतही तिचं नाव नव्हतं. म्हणजे जिच्या मृत्यूनंतर या कायद्याला जोर आला, तीच त्याच्या जाळीतून निसटली असती. अहवाल आला तेव्हा विधेयक लॉर्ड्स सभागृहात होतं आणि ही अट आणखी मुलांपर्यंत वाढवावी अशी मागणी होत होती.

भीती कुठून येते?

नोंदणी म्हटलं की आपल्या समाजात भुवया उंचावतात. ही भीती हवेतली नाही.

फ्रान्सकडे पाहा. 2 ऑक्टोबर 2020 रोजी राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी 'फुटीरतावादा'विरुद्ध भाषण केलं. रोख सरळ इस्लामच्या नावाने चालणाऱ्या गटांवर होता. त्याच भाषणात घरी शिकवण्यावर बंधनं येणार असं जाहीर झालं. 24 ऑगस्ट 2021 च्या कायद्याने आधीची साधी सूचना देण्याची पद्धत मोडली. सप्टेंबर 2022 पासून परवानगी घ्यावी लागते, तीही आजारपण, खेळ किंवा कला, फिरतं कुटुंब आणि मुलाची विशेष परिस्थिती अशा ठरावीक कारणांसाठी. धर्म हे कारण त्यात नाही. गंमत अशी की याची झळ निधर्मी आणि कॅथलिक कुटुंबांनाही बसली.

जर्मनीत तर घरी शिकवायला जवळपास बंदीच आहे. 2013 मध्ये एका ख्रिस्ती कुटुंबाची चार मुलं अधिकाऱ्यांनी तीन आठवडे काढून नेली. त्या मुलांना कोणी मारत नव्हतं. फक्त ती शाळेत जात नव्हती. 2019 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर अनेकांना आठवत असेल. ते घरगुती शिक्षणाचं नाही, पण मुलांच्या संरक्षणाच्या नावाने काय होऊ शकतं ते दाखवतं. 30 मे 2023 रोजी दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून बिहारची 59 मुलं मदरशात शिकायला येत होती. मानवी तस्करीच्या संशयावरून त्यांना भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवलं गेलं. सोबतच्या पाच जणांना अटक झाली. ते जवळपास महिनाभर तुरुंगात राहिले. मुलं आई-वडिलांपासून दूर निरीक्षणगृहात. पुढे 2024 मध्ये गैरसमजातून गुन्हा दाखल झाल्याचं सांगून पोलिसांनी प्रकरण बंद केलं. त्या मुलांच्या मनावर जे उमटलं, ते मात्र बंद झालेल्या फायलीने पुसलं जात नाही.

वोकिंगमध्ये धोका समोर असूनही कोणी पाहिलं नाही. मनमाडमध्ये धोका नसताना टोपी-कुर्ता पाहूनच धोका ठरवला गेला. दोन्हीकडे चूक एकच झाली. मुलाकडे पाहायचं सोडून त्याच्या समाजाकडे पाहिलं गेलं.

मग रेषा कुठे ओढायची?

'मूल आमचं, सरकारचा संबंध काय' हे म्हणणं सोपं आहे. पण आपला दीन तरी असं म्हणतो का? आपल्याकडे औलाद ही मालमत्ता मानलेली नाही, ती अमानत आहे आणि अमानतीचा हिशेब द्यावा लागतो. अम्मी-अब्बांचा हक्क मोठा आहे, पण तो मुलाच्या भल्यासाठी मिळालेला आहे. मुलाला मारण्यासाठी त्या हक्काची ढाल करता येत नाही.

दुसऱ्या टोकाला सरकारने प्रत्येक घरावर संशय घेणंही बरोबर नाही. एक लाखाहून अधिक मुलांच्या घरी अधिकारी पाठवायला लागलात, तर ज्या दहा मुलांकडे खरोखर जायला हवं तिथे जायला माणूस उरणार नाही. सरेच्या कर्मचाऱ्यांना एक बरोबर पत्ता शोधता आला नव्हता, हे विसरू नये.

म्हणून रेषा अशी असावी.

मोजणी सगळ्यांची, चौकशी कारण असेल तरच. मूल कुठे आहे आणि त्याला कोण शिकवतं एवढी नोंद प्रत्येक घराने द्यावी. यात अपमान नाही. जन्माचा दाखला काढतो, लसीकरणाचं कार्ड ठेवतो, तसंच हे. पण घराच्या आत यायचं असेल तर कारण लेखी द्यावं आणि त्याविरुद्ध दाद मागता यावी.

धोक्याची खूण मुलाच्या इतिहासात शोधावी, आडनावात नव्हे. ज्या मुलाबद्दल मागच्या काही वर्षांत शाळेने किंवा डॉक्टरने एकदा तरी तक्रार केली आहे, त्याचं नाव शाळेतून काढताना आधी कोणीतरी त्या मुलाला भेटावं. फाईल बंद झाली असली तरीही. साराला वाचवू शकली असती ती एवढीच अट.

मुलाला बोलू द्यावं. वर्षातून एकदा मुलाशी कोणीतरी जाणकार व्यक्तीने बोलावं. ते घरातच व्हायला हवं असं नाही, वाचनालयातही चालेल. त्या भेटीत अधिकाऱ्याने अकीदा तपासू नये, नमाज-कुरआनबद्दल उलटतपासणी घेऊ नये. मूल सुखरूप आहे का, वाचायला-लिहायला, हिशेब करायला शिकतंय का, एवढंच पाहावं.

आणि घेतो तसं द्यावंही. नोंद मागणाऱ्या सरकारने परीक्षेचं केंद्र, फीमध्ये सवलत, विशेष गरजेच्या मुलाला मदत द्यावी. नोंदवहीतून फक्त नोटीस येत असेल, तर लोक ती टाळणारच.

भारतात काय?

आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण दिलं. कलम 10 प्रमाणे मुलाला जवळच्या शाळेत घालणं पालकांचं कर्तव्य आहे, पण पाठवलं नाही तर त्या कायद्यात पालकांना शिक्षा नाही. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा या कायद्याबाहेर ठेवल्या. घरी शिकवण्याबद्दल कायदा स्पष्ट काही बोलत नाही. मुक्त विद्यालयाच्या परीक्षांची वाट मात्र उघडी आहे. घरी शिकणाऱ्या किंवा हिफ्ज पूर्ण केलेल्या मुलांना त्या वाटेने दहावी-बारावी करता येते. आपल्या घरांनी तिचा जास्त वापर करायला हवा.

पण घरी किती मुलं शिकतात, त्यांना कोण पाहतं, हे मोजण्याची वेगळी व्यवस्था इथे नाही. उद्या एखादी वाईट घटना घडली आणि घाईत कायदा आला, तर तो इंग्लंडच्या वाटेने जाईल की फ्रान्सच्या, हे आपण आधी काय बोललो यावर थोडंफार अवलंबून असेल. म्हणून शांतपणे बोलायची वेळ आत्ता आहे.

आपल्या घरात, आपल्या मोहल्ल्यात

ब्रिटनमधल्या नातेवाइकांना एवढंच सांगायला हवं की नोंदणीला धर्मावरचा हल्ला समजून पाठ फिरवू नका. नोंद द्या, पाठ्यक्रमाची वही ठेवा, मुलाच्या कामाचे नमुने जपून ठेवा, कौन्सिलच्या पत्राला लेखी उत्तर द्या. आणि अधिकारी मर्यादा सोडून वागला, तर तेही लेखी मांडा. हक्क सांभाळायचा असेल तर कागद सांभाळावा लागतो.

इथे आपण काय करू शकतो? घरी शिकणाऱ्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा तरी घराबाहेरच्या मोठ्या माणसांत मिसळू द्यावं. मकतब, खेळाचं मैदान, वाचनालय, मामा-खालाचं घर, काहीही चालेल. चांगल्या घराला यात गमावण्यासारखं काही नाही. मकतबच्या उस्तादांनी आणि आपांनी मुलाच्या अंगावरचा व्रण पाहून नजर वळवू नये. 'त्यांच्या घरचा मामला आहे' हे वाक्य आपल्या मोहल्ल्यात फार वापरलं जातं. वोकिंगच्या गल्लीतही लोक असंच काही मनात म्हणत असतील.

मूल संकटात आहे असं वाटलं तर भारतात 1098 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन करणाऱ्याने गुन्हा सिद्ध करून द्यायचा नसतो. फक्त कळवायचं असतं. समाजाची बदनामी होईल म्हणून फोन न करणाऱ्यांनी साराचा विचार करावा. समाजाची जी बदनामी झाली, ती तिच्या मृत्यूने झाली. कोणी वेळेवर कळवलं असतं, तर तिचं नाव जगाला कळलंही नसतं. वोकिंगच्या कुठल्यातरी शाळेत ती आज बारा-तेरा वर्षांची विद्यार्थिनी असती.